रेमेडियल क्लास : वर्षभराचा अनुभव

पोरगा चौथीत. तोंडी विचारलं तर धडा घडाघडा सांगायचा, वाचायला बसवलं की पोटात दुखायचं. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ. ३६चे ६३ व्हायचे. आधीच्या एका क्लासने ‘आळशी आहे’ म्हणत शुद्धलेखनाची २०-२० पानं लिहून घेतली. पैसे गेले, वर पोरगा वहीलाच घाबरायला लागला.

या रेमेडियल क्लासच्या (वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांसाठीच्या खास शिकवणीच्या) बाईंनी पहिले दोन आठवडे वही उघडलीच नाही. ताटात रवा पसरून बोटाने ‘घ’ गिरवायचा, गिरवताना आवाज मोठ्याने काढायचा. मग टाळ्या वाजवत शब्द फोडायचे: ‘पुस्तक’मधला स् वेगळा, त वेगळा. (घरी करताना मुंग्यांची तयारी ठेवा.) आता तो बसच्या पाट्या स्वतःहून वाचतो. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहेच, पण ती माझीही आहे.

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली ही अडचण, ‘बरा करून देतो’ असं बाई म्हणत नाहीत, हे आवडलं. २०१६च्या दिव्यांग कायद्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता येते, दहावीला जादा वेळ मिळतो, त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचं आत्तापासून बघा, हेही त्यांनीच सांगितलं.

फी जास्त, जिना अंधारा, पालकांना बसायला एकच बाक. एक तारा त्या बाकापायी कापला.