गॅरी मूरचा ब्लूज: आधी कुठला अल्बम ऐकायचा?

गिटारवादक-गायक गॅरी मूरचा ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतून आलेला संगीतप्रकार) ऐकायला घ्यायचा म्हटलं की दोन अल्बम समोर येतात: १९९० चा 'स्टिल गॉट द ब्लूज' आणि १९९५ चा 'ब्लूज फॉर ग्रीनी'. बहुतेक जण पहिला सुचवतात. माझा कौल दुसऱ्याला, पण सरसकट सगळ्यांसाठी नाही.

मूर मूळचा बेलफास्टचा. स्किड रो, थिन लिझी, कलोझियम टू असे बँड आणि ऐंशीच्या दशकातलं हार्ड रॉक, एवढं सगळं करून तो ब्लूजकडे वळला. ती सगळी तयारी 'स्टिल गॉट द ब्लूज'मध्ये ओसंडून वाहते. गिटारचा आवाज भरदार, सोलो वेगवान. 'ओ प्रिटी वूमन'मध्ये खुद्द आल्बर्ट किंग वाजवतो, 'टू टायर्ड'मध्ये आल्बर्ट कॉलिन्स; दोघेही ब्लूजमधले दिग्गज गिटारवादक. शीर्षकगीतात कॉर्ड बदलत जातात तशी गिटारची तीच ओळ एकेक पायरी खाली उतरते, आणि एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही. रॉक ऐकत मोठे झाला असाल, तर इथूनच सुरुवात करा. काही सोलो मात्र जरा जास्तच लांबतात, असं मला वाटतं.

'ब्लूज फॉर ग्रीनी'ची गोष्ट वेगळी. फ्लीटवुड मॅक या बँडचा संस्थापक, गिटारवादक पीटर ग्रीन मूरला गुरुस्थानी; 'ग्रीनी' म्हणजे तोच. ग्रीनने आपली १९५९ ची लेस पॉल गिटार सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मूरला विकली होती. त्याच गिटारवर मूरने ग्रीनच्या काळातली गाणी वाजवली. या गिटारच्या एका पिकअपचं (तारांचा कंप टिपणाऱ्या भागाचं) चुंबक उलटं बसलेलं आहे. त्यामुळे स्विच मधे ठेवून दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पोकळ आणि किंचित नाकातला येतो. हेडफोन लावून ऐका, फरक लगेच कळेल.

इथे मूर हात आखडून वाजवतो. 'नीड युअर लव्ह सो बॅड'मध्ये तो गायकाला ओळ पूर्ण करू देतो, मग दोन-तीन सुरांत उत्तर देतो आणि थांबतो. गाणारा आणि वाजवणारा एकच, तरी दोघं एकमेकांचं ऐकतायत असं वाटतं. 'द सुपरनॅचरल'मध्ये एकेक सूर किती वेळ धरून ठेवलाय, तेही बघा. वेगाने वाजवता येणाऱ्या माणसाने इतकं कमी वाजवणं मला जास्त अवघड वाटतं.

गिटार शिकत असाल, तर बिनधास्त 'ग्रीनी' घ्या. यातल्या जागा हाताला लवकर लागतात, पण त्यांतला भाव पकडायला वेळ जातो. आणि ज्यांना 'स्टिल गॉट द ब्लूज' आवडेल, त्यांनी त्यापाठोपाठ १९९२ चा 'आफ्टर अवर्स' लावावा, त्यात ब्लूजचा आणखी एक दिग्गज, बी. बी. किंगही आहे.