पहिली पेटी खरी होती

लग्नांसाठी लागणारे डच गुलाब, जरबेरा आम्हाला मावळातून मिळतात, पहाटे पुण्याच्या गुलटेकडी बाजारात उभं राहिलं की झालं. जांभळं ऑर्किड मात्र थायलंडचं, आणि ते आम्ही वर्षानुवर्षं मुंबईच्या आयातदाराकडून घ्यायचो. पेटीमागे तो किती कमावत असेल याचा हिशेब एकदा माझ्या दिरांनी मांडला आणि आमची बुद्धी फिरली. ६० टक्के सीमाशुल्क धरूनही थेट माल स्वस्त पडत होता. कागदावर.

आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी क्रमांक काढला. नाखोन पाथोमचा बागायतदार म्हणवणारा एकजण इन्स्टाग्रामवर सापडला. त्याची नमुन्याची पेटी खरोखर आली: दहाची जुडी, प्रत्येक दांडीच्या टोकाला पाण्याची इवलीशी नळी, सोबत तिथल्या कृषी खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे माल रोग-किडीमुक्त असल्याचा दाखला. आता वाटतं, बाजारातून माल उचलून त्याने एखाद्या निर्यातदारामार्फत पाठवला असणार. आमचा विश्वास त्या एका पेटीत बसला.

मग मार्गशीर्षातल्या तीन लग्नांची ऑर्डर दिली. ४,८०० डॉलर, सगळे आगाऊ. ऐनवेळी निरोप आला, ‘आमचं ऑडिट चालू आहे, पैसे या खात्यात भरा.’ खातं हाँगकाँगचं, नाव तिसऱ्याच कंपनीचं. खात्री करायला मी त्याच व्हॉट्सअॅप नंबरवर विचारलं. म्हणजे चोरालाच विचारलं.

पैसे गेल्यावर एअरवे बिलाचा, म्हणजे विमानाने माल पाठवल्याच्या पावतीचा, फोटो आला. ट्रॅकिंगवर काहीच दिसेना. ‘सिस्टीम अपडेट होतेय,’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणे पेट्या क्वारंटाइनमध्ये अडकल्या, आणखी ४०० डॉलर लागतील. तेही भरले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

शेवटी बिल कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटला पाठवलं. त्याने दोन मिनिटांत फोन केला. “ताई, नंबर बनावट आहे.” सुरुवातीचे २१७ म्हणजे थाई एअरवेज, तेवढं बरोबर. पुढे आठ आकडे असतात. त्यातल्या पहिल्या सात आकड्यांच्या संख्येला ७ ने भागायचं, जी बाकी उरेल तोच आठवा आकडा. म्हणजे तो ६ च्या वर जाऊच शकत नाही. माझ्या बिलावर ९ होता. शाळकरी पोराचा भागाकार, पण पैसे भरण्याआधी बिल हातात होतंच कुठे? आधी तपासण्यासारखं होतं ते खात्याचं नाव.

रात्री जुन्या आयातदाराला फोन केला. तो काही बोलला नाही, माल दिला, फक्त उधारी बंद केली. लग्नं पार पडली, नफा शून्य.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँकेने पैसे परत मागवण्याचा संदेश धाडला, तोवर खातं रिकामं झालं होतं. आता तीच बँक दर महिन्याला मेल करते: आयातीसाठी आगाऊ रक्कम पाठवली होतीत, माल आल्याचं बिल ऑफ एंट्री अजून जमा केलेलं नाही. प्रत्येक मेलला मी एफआयआरची प्रत जोडते.