उंच उडीसाठी वेगळे चित्र : एका क्रीडा-प्रक्षेपण सेवेचे परीक्षण

जून २०२४ मध्ये रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर झालेल्या युरोपीय अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत जानमार्को ताम्बेरीने २.३७ मीटर उंची पार करून पुरुषांच्या उंच उडीचे सुवर्णपदक मिळवले आणि आंद्रेई सिल्नोव याने २००६ साली गोथेनबर्ग येथे नोंदवलेला २.३६ मीटरचा स्पर्धाविक्रम मोडला. ही अंतिम फेरी मी एकाच क्रीडा-प्रक्षेपण सेवेवर दोनदा पाहिली. पहिल्यांदा मुख्य वाहिनीवर, जिथे मैदानावरचे सगळे प्रकार आलटून पालटून दाखवले जातात. आणि नंतर त्याच सेवेने केवळ उंच उडीसाठी दिलेल्या स्वतंत्र चित्रवाहिनीच्या ध्वनिचित्रमुद्रणावर, सुरुवातीच्या उंचीपासून शेवटच्या प्रयत्नापर्यंत सलग. हे परीक्षण मुख्यतः त्या स्वतंत्र वाहिनीचे आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा माझ्या एकट्याच्या पाहण्यातल्या आहेत आणि मुख्य वाहिनीबाबतची माझी तक्रार थोड्याफार फरकाने बहुतेक सर्वच प्रक्षेपणांना लागू पडते.

आधी ती तक्रार. मुख्य वाहिनीवर उंच उडी दिसते ती तुकड्यातुकड्यांनी. एखादी शर्यत संपते, विजेत्याची मुलाखत होते आणि मग ‘थोड्या वेळापूर्वी’ झालेल्या दोन उड्या दाखवून कॅमेरा पुन्हा धावपट्टीकडे वळतो. दाखवलेल्या उड्या बहुतेक वेळा यशस्वी असतात. दांडी पडलेले प्रयत्न वगळले जातात, कारण त्यांत दाखवण्यासारखे काही नाही असे निर्मात्याला वाटत असावे. उंच उडीच्या बाबतीत हा समज मुळातच चुकीचा आहे. या प्रकारात विजेत्याचीही स्पर्धा बहुधा दांडी पाडूनच संपते. कोणत्याही उंचीवर असोत, लागोपाठ तीन अपयशे आली की खेळाडू बाहेर जातो, आणि पदकांचा क्रम ठरवतानाही पुष्कळदा चुकलेल्या उड्याच मोजाव्या लागतात. त्या वगळल्या तर प्रेक्षकाच्या हाती निकाल येतो, पण तो का लागला हे त्याला कधीच कळत नाही.

याची दोन उदाहरणे युरोपीय स्पर्धेच्याच अलीकडच्या इतिहासात आहेत. २०१६ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे ताम्बेरी २.३२ मीटरवर जिंकला. त्याच्यामागे रॉबी ग्राबार्झ, ख्रिस बेकर आणि आइके ओनेन या तिघांचीही सर्वोत्तम उडी २.२९ मीटरचीच होती. ग्राबार्झला रौप्य मिळाले आणि उरलेल्या दोघांना कांस्यपदक विभागून देण्यात आले. २०२२ साली म्युनिक येथे ताम्बेरीने २.३० मीटरवर पुन्हा सुवर्ण मिळवले, तेव्हा टोबियास पोट्ये आणि आंद्री प्रोत्सेंको दोघेही २.२७ मीटरवर थांबले. पोट्येला रौप्य मिळाले आणि प्रोत्सेंकोला कांस्य. नियम असा आहे की बरोबरी झाली तर ज्या शेवटच्या उंचीवरून दोघे गेले तिथे कोणाचे प्रयत्न कमी वाया गेले ते प्रथम पाहायचे, तेथेही समान असतील तर त्या उंचीपर्यंतची एकूण अपयशे मोजायची, आणि तरीही बरोबरी सुटली नाही तर पहिल्या क्रमांकाखेरीज इतर स्थाने विभागून द्यायची. म्हणजे अंतिम फेरीच्या पहिल्या अर्ध्या तासात, प्रेक्षक अजून आसनांवर स्थिरावत असताना, सोप्या वाटणाऱ्या उंचीवर पडलेली एक दांडी दीड तासानंतर पदकाचा रंग बदलू शकते. मुख्य वाहिनीवर नेमका हाच पहिला अर्धा तास पूर्णपणे गाळला जातो.

स्वतंत्र वाहिनीचे सर्वांत मोठे गुण याच ठिकाणी दिसतात. तिच्यावर प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक प्रयत्न दिसतो आणि पडद्याच्या उजव्या बाजूला प्रयत्नांचा तक्ता सतत राहतो. तक्त्यात डावीकडे खेळाडूंची नावे, वर उंची, आणि प्रत्येक चौकटीत शून्य, फुली किंवा आडवी रेघ असते. शून्य म्हणजे यशस्वी उडी, फुली म्हणजे अपयश आणि रेघ म्हणजे खेळाडूने तो प्रयत्न सोडला. नव्या प्रेक्षकाला शून्य पाहून खेळाडूला काहीच मिळाले नाही असे वाटण्याचा पुरेपूर संभव असतो. सेवेने तक्त्याखाली या तीन खुणांचा अर्थ एका ओळीत दिला आहे, ही लहानशी गोष्ट मला फार मोलाची वाटली. हा तक्ता समोर असला की उड्यांमधला रिकामा वेळ रिकामा राहत नाही. कोणाचे पान अजून स्वच्छ आहे, कोण एका फुलीने मागे आहे आणि पुढची उंची सोडून देण्यात कोणाचा फायदा आहे, याचा हिशेब प्रेक्षक स्वतः करू लागतो. आणि मैदानावर प्रशिक्षकही कठड्याशी उभा राहून हाच हिशेब करत असतो.

तक्त्यात एक उणीव मात्र आहे आणि ती किरकोळ नाही. एखादा खेळाडू एका उंचीवर एकदा किंवा दोनदा चुकला, तर उरलेले प्रयत्न तो तिथेच न वापरता पुढच्या उंचीसाठी राखून ठेवू शकतो. दोनदा चुकलेल्याला मग नव्या उंचीवर एकच संधी असते. मागे पडलेला खेळाडू पदकासाठी हा जुगार जाणूनबुजून खेळतो आणि उंच उडीतील सर्वांत ताणाचे क्षण यातूनच निर्माण होतात. एका जुन्या स्पर्धेच्या मुद्रणात मला असे आढळले की दोनदा चुकून वर गेलेल्या खेळाडूच्या नावापुढे नव्या उंचीखाली तीनही जागा मोकळ्या दिसत होत्या आणि समालोचकाने तक्ता पाहून ‘अजून दोन प्रयत्न शिल्लक आहेत’ असे सांगितले. दांडी पडली, खेळाडूने बूट काढायला घेतले, आणि समालोचकाला काय झाले हे समजायला पुढचा खेळाडू धावायला उभा राहावा लागला. उरलेल्या प्रयत्नांचा एक आकडा नावाशेजारी दाखवला तर हा गोंधळ टळेल.

कॅमेऱ्यांची मांडणी हा या वाहिनीचा दुसरा भक्कम भाग आहे. बहुतेक प्रक्षेपणांत गादीच्या मागून किंवा तिरक्या बाजूने घेतलेले चित्र दिसते. त्यात खेळाडूचा चेहरा चांगला दिसतो, पण शरीर आणि दांडी यांच्यात किती अंतर राहिले हे कळत नाही. येथे एक कॅमेरा दोन्ही खांबांच्या रेषेत ठेवलेला आहे आणि पुनर्दर्शन त्यावरून दिले जाते. डोके, खांदे आणि कमान झालेली पाठ दांडीवरून गेल्यावर कंबर खाली येऊ लागते, त्याच वेळी पाय वर झटकावे लागतात. दांडी पडते ती बऱ्याचदा या शेवटच्या टप्प्यात, पोटरीने किंवा टाचेने. मागच्या कॅमेऱ्यातून जी उडी सहज गेल्यासारखी दिसली होती, ती या रेषेतून पाहिल्यावर कंबरेपाशी जेमतेम सुटलेली निघते. दुसरा कॅमेरा जमिनीलगत, उसळी घेण्याच्या जागेकडे रोखलेला असतो. सरळ सुरू झालेली धाव शेवटच्या चार-पाच पावलांत कशी वळते, त्या वळणात शरीर दांडीपासून दूर, आतल्या बाजूला कसे झुकते आणि उसळीचा पाय खेळाडू किती लांबून टाकतो, हे त्यात स्पष्ट दिसते. पाय दांडीच्या फार जवळ पडला तर खेळाडू वर चढत असतानाच तिला लागतो आणि फार दूर पडला तर उंचीचा कळस दांडीच्या अलीकडेच येऊन जातो. समालोचकाने काहीही न सांगता हे दोन दोष ओळखायला मी या एका कॅमेऱ्यामुळे शिकलो.

एक दृश्य मी तीन वेळा मागे नेऊन पाहिले. खेळाडूची पोटरी दांडीला निसटती लागली आणि तो गादीवर पडला. दांडी चार मीटर लांब असते, तिचे वजन दोन किलोंपेक्षा जास्त नसते आणि तिची टोके खांबांवरच्या अवघ्या चार सेंटिमीटर रुंद व सहा सेंटिमीटर लांब आधारांवर नुसती टेकवलेली असतात. अंगाचा स्पर्श होताच ती मधोमध वर-खाली लहरू लागली आणि तिचे उजवे टोक आधारावर थोडे पुढे सरकले. खेळाडू पाठीवर पडल्या पडल्या मान वळवून तिच्याकडे बघत होता, हात वर घ्यायचा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हते. पंच दोन्ही झेंडे खाली धरून थांबला होता. लहर ओसरली, दांडी राहिली, आणि मगच पांढरा झेंडा वर गेला. मुख्य वाहिनीवर याच उडीचे चित्र खेळाडू गादीवर टेकताच संपले होते.

वेळेचे घड्याळही या वाहिनीवर कायम दिसते आणि त्याचा मोठा उपयोग होतो. तीनपेक्षा जास्त खेळाडू उरलेले असताना प्रत्येकाला एक मिनिट मिळतो, दोन किंवा तीन उरले की दीड मिनिट, एकटा उरला की तीन मिनिटे. आणि शेवटचे पंधरा सेकंद राहिले की पंच पिवळा झेंडा दाखवतो. खेळाडू खुणेच्या पट्टीवर उभा राहून बोटांनी वळणाची रेषा हवेत काढतो, टाळ्यांची लय मागतो, पुन्हा मागे सरतो. घड्याळ दिसत नसेल तर हा सगळा वेळकाढूपणा वाटतो. घड्याळ दिसत असले की तो किती धोका पत्करून थांबला आहे हे कळते.

समालोचनाबद्दल माझे मत तितकेसे अनुकूल नाही. समालोचकाला खेळाडूंचा इतिहास माहीत आहे, उच्चार बरे आहेत, परंतु तांत्रिक बाबींवर तो फार कमी बोलतो आणि यशस्वी उडीनंतर नुसत्या विशेषणांचा मारा करतो. रोमच्या फेरीत ताम्बेरीने पाय दुखावल्याचे सोंग करून बुटातून स्प्रिंगा काढून दाखवल्या, तेव्हा ते दृश्य मुख्य आणि स्वतंत्र दोन्ही वाहिन्यांवर पुनःपुन्हा दाखवले गेले. प्रसंग आनंदाचा होता आणि तो दाखवायलाच हवा होता. मात्र त्याच फेरीत युक्रेनच्या व्लादिस्लाव लावस्की याने २.२९ मीटरवर रौप्य आणि त्याचाच देशबांधव ओलेह दोरोश्चुक याने २.२६ मीटरवर कांस्य मिळवले. त्यांच्या धावेबद्दल, उसळीबद्दल चार वाक्ये तरी यायला हवी होती. सुदैवाने समालोचन बंद करून केवळ मैदानाचा आवाज ऐकण्याची सोय आहे. मी शेवटी तीच वापरली. हळूहळू वाढत जाणाऱ्या टाळ्या, शेवटच्या पावलांचा आवाज, आणि दांडी पडली तर तिचा खणखणाट, एवढे पुरेसे असते.

चित्राची स्पष्टता उत्तम आहे आणि दोन तासांत प्रवाह एकदाच अडकला. थेट प्रक्षेपण मात्र प्रत्यक्ष घटनेच्या सुमारे अर्धा मिनिट मागे चालते, आणि याच अ‍ॅपच्या सूचना त्याआधी येऊन धडकतात. खेळाडू पट्टीवर उभा असताना भ्रमणध्वनीवर त्याने उंची पार केल्याचा संदेश येणे ही चूक सेवेची आहे, प्रेक्षकाची नव्हे. सूचना बंद करण्याची सोय तीन पडदे आत दडलेली आहे. स्पर्धा सुरू होण्याआधी ती शोधून बंद करावी.

संग्रहाच्या बाबतीत सेवा सर्वांत उणी पडते. युरोपीय स्पर्धांच्या अलीकडच्या अंतिम फेऱ्या सलग मिळतात, पण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या वाट्याला केवळ काही मिनिटांचे संकलन आले आहे. २०२३ साली बँकॉकमध्ये दक्षिण कोरियाच्या वू सांग-ह्योकने २.२८ मीटरवर सुवर्ण आणि भारताच्या सर्वेश कुशारेने २.२६ मीटरवर रौप्य मिळवले. दोघांत फरक होता दोन सेंटिमीटरचा, म्हणजे दांडीच्या जाडीपेक्षाही कमी. या फेरीत वूवर दडपण कसे वाढत गेले, कुशारेने कोणत्या उंचीपासून सुरुवात केली आणि शेवटी दांडी कशाने पडली, हे मला पाहायचे होते. संकलनात दोघांची एकेक यशस्वी उडी आणि पदकवितरण आहे. २०२५ साली गुमी येथे वूने २.२९ मीटरवर पुन्हा सुवर्ण मिळवले, तेव्हा जपानचा र्योइची आकामात्सु २.२६ मीटरवर दुसरा आला; त्या फेरीचेही तसेच संकलन आहे.

एखाद्या खंडीय स्पर्धेत उंच उडी पाहण्यासाठीच जो वर्गणी भरणार असेल, त्याने आधी त्या स्पर्धेच्या वेळापत्रकाच्या पानावर उंच उडीपुढे स्वतंत्र वाहिनीचे चिन्ह आहे का ते तपासावे. हे चिन्ह पात्रता फेरीपुढे असते आणि अंतिम फेरीपुढे नसते, असेही मी पाहिले आहे. चिन्ह असेल तर वर्गणी निःसंकोच भरावी. नसेल तर या सेवेवरही शर्यतींच्या मधल्या जागेत बसवलेल्या उड्याच पाहाव्या लागतील.