झिंक स्टीअरेट की कॅल्शिअम स्टीअरेट: रबरासाठी काय घ्यावं?

दिसायला दोन्ही सारख्याच पांढऱ्या, गुळगुळीत भुकट्या आणि पाण्याने दोन्ही भिजत नाहीत. कच्च्या रबराच्या शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वरून मारायला दोन्ही चालतात. कॅल्शिअम सहसा स्वस्त पडतं, त्यामुळे पहिला कल तिकडे जातो. त्यात गैर काही नाही.

माझा निर्णय मात्र एकाच कटकटीने झिंकच्या बाजूने झाला, ती म्हणजे पांढरी रेघ. कॅल्शिअम असताना काळ्या रबराचं गॅस्केट (सांध्यातली गळती अडवणारा तुकडा) साच्यातून काढलं की रबराचे दोन प्रवाह जिथे येऊन मिळतात, तिथे केसाएवढी बारीक, राखाडी रेघ दिसायची. पुसून ती जात नाही, कारण ती वरवरची नसतेच. तो भाग दोन बोटांत धरून उलटा वाकवला की रेघ उघडते. म्हणजे प्रश्न नुसता दिसण्याचा नाही, सांधाच कच्चा राहिलेला असतो.

मला पटलेलं कारण असं: कॅल्शिअम स्टीअरेट वितळतं 150 अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि आपले साचे बहुधा 150 ते 170 वर चालतात. साचा भरत असताना रबर आतून तेवढं तापलेलंच नसतं. भुकटी तशीच राहते आणि दोन थरांच्या मध्ये अडकते. झिंक स्टीअरेट 120 ते 130 अंशांनाच वितळतं आणि रबरात मुरून जातं. झिंकवर आल्यापासून रेघांची तक्रार जवळजवळ थांबली. मोजमाप मी केलेलं नाही, पण वाकवून पाहिलेला माल खोटं बोलत नाही.

शिवाय झिंक स्टीअरेट रबराला परकं नाही. गंधकाने क्युअर होणाऱ्या, म्हणजे तापवून पक्क्या होणाऱ्या, रबराच्या बहुतेक मिश्रणांत झिंक ऑक्साइड आणि स्टीअरिक ॲसिड असतंच, आणि त्या दोघांतून ते आत तयार होतच असतं. वरून थोडं आलं तर बिघडत नाही. जास्त झालं, तर मात्र झिंकनेही थर सुटतात. आणि रबर धातूला चिकटवायचं असेल, तर दोन्हींपैकी काहीच त्या पृष्ठभागाजवळ नको.

धूळ हा झिंकचा खरा त्रास. भुकटी फार हलकी, हवेत तरंगत राहते, श्वासातून आत जाते, आणि दाट उडालेल्या धुळीला ठिणगी मिळाली तर स्फोट होऊ शकतो. कॅल्शिअमचंही तेच आहे. मास्क हवाच, जमत असेल तर पाण्यातलं डिस्पर्शन (भुकटी पाण्यात मिसळलेलं पातळ द्रावण) घ्या, शीट त्यात बुडवून वाळवता येते.

पीव्हीसीत माझा कौल चालणार नाही. तिथे एकट्या झिंकने सुरुवातीचा रंग छान राहतो, पण तयार होणारं झिंक क्लोराइड विघटनाला वेग देतं आणि माल एकदम काळा पडतो. कॅल्शिअम त्यातलं क्लोरीन स्वतःकडे घेतं, म्हणून दोन्ही जोडीने वापरतात. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये उत्प्रेरकाचा आम्लधर्मी अवशेष मारायला आणि काँक्रीटमध्ये पाणी अडवायला कॅल्शिअम उत्तम.

माल पांढरा किंवा फिक्या रंगाचा असेल, तर रेघ दिसणार नाही आणि कॅल्शिअम स्वस्तात निभेल असं वाटेल. निभेलही कदाचित. पण मोठी ऑर्डर देण्याआधी सांध्यावर एक तुकडा वाकवून पाहा.