लव ओळखणारा कारागीर (5 पैकी 4 तारे)

त्रिमूर्तीनगरात माझा तबल्याचा क्लास आहे. खालच्या काकूंची दुपारची झोप मोडू नये म्हणून खोलीत मऊ, दाट लवेचं पॉलिएस्टर कार्पेट घातलं. खोली 14 बाय 18 फूट, रोलचा पन्हा 12, म्हणजे 2 फुटांची पट्टी जोडणं आलंच.

दुकानानं पाठवलेल्या माणसानं 4 फूट कापड जास्तीचं घेतलं आणि पट्ट्या रोलच्या आडव्या कापून लावल्या. कापड वाचलं म्हणून मीही खूश. संध्याकाळी दिवा लावला तर कार्पेट एका रंगाचं, पट्टी दुसऱ्या. लवेची दिशाच फिरली होती नं! वरून स्टीलची पट्टी दाबून ब्लेड चालवलेलं, त्यानं लव अर्धी कापली गेली. जोडाखालची टेप चिकटवायची इस्त्री इतकी गरम की टोकं आखडून काथ्यासारखी झाली. मुलं अनवाणी येतात, त्यांच्या पायाला आधी कळलं.

मग ओळखीतून हे भाऊ आले. दोन दिवस उशिरा, फोनही नाही, एक तारा तिथंच गेला. पण आल्यावर आधी गुडघ्यावर बसून तळव्यानं लव पाहिली. "सर, त्याच रोलचं 10 फूट आणा." सुदैवानं रोल शिल्लक होता.

त्यातून सव्वादोन फुटांच्या दोन पट्ट्या त्यांनी उभ्या काढल्या. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं लवेच्या दोन ओळींच्या मधून भांग पाडायचा, त्या भांगातूनच कटर न्यायचा. एक गुच्छ कापला नाही. जुन्या कार्पेटची बिघडलेली कडही तशीच काढली. मग कडांना लेटेक्स, म्हणजे रबरी डिंक, खाली टेप आणि मंद इस्त्री. वीतभर पुढं जायचं, जोडात अडकलेली लव बोटानं बाहेर काढायची, वर लाकडी फळी दाबायची. पाहताना माझाच धीर सुटत होता. दोन पट्ट्यांमधला आडवा जोड हार्मोनियमच्या कपाटाखाली घेतला.

"खिडकी लांब भिंतीत आहे, सकाळी उजेड आडवा पडला की थोडी रेघ दिसंल," हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. दिसते. पायाला मात्र लागत नाही.

खर्च वाढला, हे खरं. साडेसात फूट पन्ह्याचा 10 फुटी तुकडा उरला. त्याच्या कडा शिवून दिल्या. आता तो आईच्या खोलीत आहे, आणि तिच्या मते तेच कार्पेट जास्त चांगलं बसलंय.