पंढरीच्या वाटेला दांडीची काळी सायकल: काय चालतं, काय बदलून घ्यावं

२८ बाय दीडचे टायर, रॉडचे ब्रेक, एकच गिअर. हीरो असो, एव्हॉन असो की घरात पडून असलेली जुनी अ‍ॅटलस, पुणे ते पंढरपूर हे साधारण २१० किलोमीटर ही सायकल बिनतक्रार काढते. पण दुकानातून येते तशी नेऊ नका.

मुख्य अडचण गिअरची. पुढे ४४ दाते आणि मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल जवळपास ५.४ मीटर जाते. लोणंद-फलटणच्या सपाटीला हे उत्तम, पण वडकी सोडून दिवे घाट लागला की सगळा भार गुडघ्यांवर येतो. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवून घ्या, फेरीला ४.४ मीटर होतात. बहुतेकदा चेन तीच चालते, चाक अर्धा इंच पुढे घ्यावं लागतं. मग मागच्या ब्रेकचे रबर रिमवर नव्याने जुळवायलाच हवेत, नाहीतर ते अर्धे हवेत राहतात. सामान असेल तर घाटात तरीही ढकलावंच लागेल. वीस किलोच्या वर तर नुसती सायकलच भरते.

ब्रेक हा या सायकलचा खरा दोष. आषाढी ऐन पावसात येते आणि ओल्या क्रोमच्या रिमवर रबर धरतच नाही. उतार लागण्याआधीपासून ब्रेक हलका दाबून ठेवावा, म्हणजे रिम पुसली जाते. परतीला दिवे घाट ओला असेल तर उतरून चालत या. यात कमीपणा मानू नये.

पायडल मारताना दर फेरीला ‘टक्’ आवाज आला की कॉटर पिन, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) धुरीवर घट्ट धरणारी खीळ, ढिली झाली समजा. तशीच चालवली तर पिन झिजते आणि क्रँक डुगडुगायला लागतो. पिन हातोडीने ठोकून बसवायची आणि मगच नट आवळायचा. नुसता नट आवळून पिन आत ओढायला गेलात तर आटे जातात.

कॅरिअरवर दहा किलोच्या वर सामान नको. मागच्या चाकाला ४० आरे असतात, पण तुटतो तो बहुधा फ्रीव्हीलच्या बाजूचा, हबजवळच्या वाकणात. तो बदलायला फ्रीव्हील उतरवावं लागतं, म्हणून निघण्यापूर्वीच चाकाचा आउट (वाकडेपणा) काढून आरे सारखे ताणून घ्या.

मडगार्ड आणि चेनकव्हर मात्र लाखमोलाचे. चिखलातही चेन कोरडी राहते. डायनॅमो ओल्या टायरवर घसरतो, बॅटरीचा दिवा लावा.

ट्यूब, छर्रे, चेन सासवड, फलटण, नातेपुते कुठेही मिळतात. सोबत डंबेल पाना (दोन्ही टोकांना वेगवेगळ्या मापांच्या नटांची भोकं असलेला), पंप, पंक्चरच्या पट्ट्या, सोल्यूशन आणि व्हॉल्व्हची रबरी नळी वीतभर ठेवा. हवा वारंवार उतरते तेव्हा बरेचदा पंक्चर नसतंच, ही नळी चिरलेली असते.