फुदे निब आणि कार्बन शाई: काही महिने रोज वापरल्यानंतर

मी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढते. गेले काही महिने माझ्या पिशवीत फुदे निबचं, म्हणजे टोक वाकवलेल्या निबचं, एक शाईपेन, त्यात पाण्याने न पसरणारी काळी कार्बन शाई आणि ए५ आकाराचं सुती कागदाचं स्केचबुक एवढंच असतं. हे घ्यावं का, असं चित्रं काढणारे मित्र वारंवार विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते: रोज चित्र काढत असाल तर जरूर घ्या. आठवड्यातून एखाद्या वेळी वही उघडणार असाल तर या शाईच्या वाटेला जाऊ नका.

साध्या निबचं टोक गोलसर असतं, त्यामुळे पेन कसंही धरलं तरी रेषेची जाडी फारशी बदलत नाही. फुदे निबचं टोक वरच्या बाजूला वाकवलेलं असतं. पेन उभं धरलं की फक्त टोक कागदाला लागतं आणि बारीक रेषा येते. पेन हळूहळू आडवं केलं की वाकलेला सपाट भाग टेकायला लागतो आणि तीच रेषा, हात न उचलता, जाड होत जाते. निब उलटी धरली तर सगळ्यात बारीक रेषा मिळते. पापण्या, शिवणीचे टाके, दूरच्या तारा मी अशाच काढते. काही जपानी पेनं ४० आणि ५५ अंश अशा दोन कोनांत मिळतात. पेन तिरकं धरणाऱ्या हाताला ४० बरी पडते, उभं धरणाऱ्याला ५५. घेण्याआधी आपण पेन कसं धरतो हे एकदा नीट बघा, कारण चुकीच्या कोनाची निब कागदावर एका कडेवर चालते आणि रेषा खरखरीत येते.

ही निब खरी कळते ती माणसं काढताना. रेल्वेच्या डब्यात समोरचा माणूस बसल्या बसल्या झोपला होता. कपाळापासून सुरुवात केली, पेन उभं. नाक, ओठ, छातीवर टेकलेली हनुवटी, तिथपर्यंत रेषा बारीक. मान जिथे खाली दबली होती तिथे मनगट झुकवलं, रेषा आपोआप भरली. खांद्यावरून पुन्हा हलकी, आणि काखेतल्या चुणीत, जिथे शर्ट दुमडून अंधार झाला होता, तिथे निब पूर्ण आडवी. माणसाच्या शरीराचं वजन कुठे पडलंय ते त्या एका रेषेतच आलं, वेगळी छाया द्यावी लागली नाही. झोपलेल्या माणसाचा हात जागा असताना दिसतो त्यापेक्षा जड दिसतो, आणि तो जडपणा एकसारख्या जाडीच्या पेनने दाखवायला मला बरीच कसरत करावी लागायची.

आता शाई. नेहमीच्या शाईपेनात जी शाई भरतात तिच्यात डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, असतो. त्या रेषेवरून ओला ब्रश फिरवला की ती पसरते. कार्बन शाईत काजळीचे अतिशय सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते कागदाच्या तंतूंना धरून बसतात आणि वरून जलरंगाचा वॉश (पातळ रंगाचा हात) दिला तरी हलत नाहीत. मात्र रेषा पूर्ण सुकू द्यायला हवी. जाड रेषेत शाईचा थर मोठा असतो, आणि गुळगुळीत कागदावर तो बराच वेळ ओला राहतो. घाईत असेन तेव्हा मी आधी बारीक रेषांच्या भागात रंग भरते आणि जाड रेषांकडे शेवटी वळते.

कार्बनचा दुसरा गुण म्हणजे तो उजेडाने फिका पडत नाही. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल इथे बोरूने केलेली रेखाटनं बघा. त्यातल्या कितीतरी चित्रांची शाई आज तपकिरी दिसते. काढली तेव्हा ती बरीच गडद होती. त्या चित्रांतले गडद-फिक्याचे मूळ संबंध आता आपल्याला पूर्णपणे दिसूच शकत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मूळ चित्र कुणी विकत घेणार असेल, भिंतीवर लावणार असेल, तर शाई निवडणं ही आपली जबाबदारी आहे असं मी मानते. रंगांनाही हेच लागू. अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रंग घेताना नळीवरचा पिगमेंट (रंगद्रव्य) क्रमांक बघा. पीआर८३ असेल तर तो उजेडात उडतो.

एक इशारा अगदी ठळक अक्षरांत लिहावा असा: दौतीत टाक बुडवून वापरायची इंडिया इंक शाईपेनात भरू नका. तिच्यात बहुधा शेलॅक, म्हणजे लाख, असतं. ते आत सुकलं की फीड, म्हणजे निबखालचा शाई पोचवणारा भाग, कायमचं बंद पडतं. ‘शाईपेनासाठी’ असं बाटलीवर लिहिलेलीच पिगमेंट शाई घ्या.

तीही लाड करून घेते. दोन-तीन दिवस पेन उघडलं नाही तर पहिली रेषा तुटक येते. टोक क्षणभर पाण्यात बुडवून फडक्याला टिपलं की चालू होते. त्याहून जास्त दिवस तसंच ठेवलं तर धुणं आलंच: कन्व्हर्टर (शाई ओढून भरायची नळी) काढायचा, साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून निब आणि फीड रात्रभर भिजत ठेवायचं, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत कन्व्हर्टरने आतबाहेर करायचं. गरम पाणी नको, अल्कोहोल तर मुळीच नको, प्लॅस्टिक खराब होतं. पेनाबद्दल माझी खरी तक्रार टोपणाची आहे. त्याच्या आतलं अस्तर काही महिन्यांतच तडकलं, तेव्हापासून निब लवकर सुकायला लागली, आणि नुसतं टोपण वेगळं मिळत नाही. निब इतकी चांगली आणि टोपण असं, हे मला पटत नाही.

स्केचबुकचा कागद ३०० जीएसएमचा, शंभर टक्के सुती, कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरखरीत. भरपूर पाणी घातलं तरी फुगत नाही. त्याच्या खरखरीवर आडवी निब झपकन ओढली की रेषा मध्ये मध्ये तुटते आणि झाडाची साल, जुन्या भिंती, लोकरी स्वेटर यांचा पोत फुकटात मिळतो. चेहऱ्यांना मात्र हा कागद त्रास देतो, त्यासाठी गुळगुळीत हॉट प्रेस बरा. शिवाय सुती तंतू निबच्या फटीत अडकतात आणि रेषा अचानक जाड, ओघळती होते. पातळ प्लॅस्टिकची पट्टी फटीतून एकदा सरकवली की तंतू निघतो. ती पट्टी मी स्केचबुकच्या खिशातच ठेवते.

या सगळ्याचा माझ्या कामावर काय परिणाम झाला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शाई खोडता येत नाही, म्हणून रेषा ओढण्याआधी बघणं वाढलं. चुकलेली रेषा तशीच राहते, तिच्या शेजारी बरोबर रेषा येते, आणि दोन्ही मिळून हालचाल दिसते. शाई सुकू नये म्हणून सकाळी कामाला बसण्याआधी पेन उघडावंच लागतं. त्या निमित्ताने चपला, किटली, खिडकीतला माणूस, काहीही उतरतं. वहीत मी चित्राशेजारी उजेड कुठून येत होता आणि किती वाजले होते तेवढं लिहून ठेवते.

मग ते कुठेतरी उपयोगी पडतं. मुलांच्या एका पुस्तकात सुईत दोरा ओवणारी आजी हवी होती. इंटरनेटवरचे फोटो बघून काढलेला हात बरोबर होता, पण तो कुणाचाच नव्हता. वही चाळताना एक जुनं पान सापडलं: अंगठ्याने दोऱ्याचं टोक चपटं केलेलं, करंगळी हवेत ताणलेली, सुई डोळ्यांच्या जवळ न आणता उलट लांब धरलेली. तो हात जवळजवळ तसाच छापला गेला. प्रेरणा कुठून मिळते असं मुलाखतीत विचारतात, तेव्हा मला अशी पानंच आठवतात.

वारंवार दुरुस्त्या होणाऱ्या कामाला ही जोडी उपयोगाची नाही. जाहिरातीचं, वेष्टनाचं, स्टोरीबोर्डचं काम मी टॅब्लेटवरच करते. तिथे हात हलवा, डोकं लहान करा हे दिवसभर चालतं. पुस्तकाच्या कामात कच्चा आराखडा मंजूर झाला की मगच पेन घेते, चित्र ६०० डीपीआयला स्कॅन करते, आणि संगणकावर रेषेचा थर मल्टिप्लायवर (खालचा रंग दिसू देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून खाली रंगाचे बदल करते. पेन्सिलही सोडलेली नाही. इंग्रज चित्रकार टर्नरची सुमारे तीनशे स्केचबुकं ब्रिटनमधल्या टेट संग्रहालयाकडे आहेत, आणि त्यातली कितीतरी पानं साध्या पेन्सिलीची आहेत. प्रवासात भरभर टिपायला त्याला ती पुरली. पावसात, गर्दीत, उभ्या उभ्या मीही पेन्सिलच काढते.

विमानात नेताना पेन पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं करून, निब वर ठेवून न्या. अर्धं भरलेलं असेल तर आतली हवा प्रसरण पावून शाई बाहेर ढकलते.

पुढच्या महिन्यात याच निबचं दुसरं पेन घेणार आहे, घट्ट बसणाऱ्या टोपणाचं. त्यात तपकिरी पिगमेंट शाई भरायची आहे, कारण लहान मुलांच्या चेहऱ्यांवर कार्बनचा काळा फार कठोर दिसतो.